खिडकीपासून तीन पावलं

स्टेनीनं आयुष्यात तीन लाल मेपल लावले आणि तिन्ही मेले. मॅनिटोबातल्या त्या तळ्याकाठच्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. चर्चमधल्या कॉफीला कुणी नवा माणूस आला, की आधी त्याला उणे चाळीसची थंडी सांगत आणि लगेच मागून स्टेनीची झाडं. त्या वाळक्या खोडांना गावानं 'स्टेनीचे झाडू' असं नावच ठेवलं होतं. वसंतात बर्फ वितळला, की त्याच्या अंगणात तेवढंच काय ते उभं दिसायचं.

लोक हसत, पण त्यामागची गोष्ट कुणाला माहीत नव्हती. स्टेनीची बायको एल्स्पेथ लग्न करून इथे आली ती ऑन्टारियोहून. तिच्या माहेरी पानगळीच्या दिवसांत मेपलमुळे डोंगरच्या डोंगर लाल होतात. इथे सपाट जमीन, आणि तीवर बर्च, पॉपलर, अ‍ॅश. शरद ऋतू आला की सगळे एकजात पिवळे. लग्नानंतरच्या पहिल्या सप्टेंबरात ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "सगळं पिवळंच का रे?" तक्रार नव्हती, नुसतं विचारलं होतं. पण स्टेनी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, आणि त्या वयात माणूस चंद्रही आणून देतो. तो म्हणाला, "या खिडकीशी तुला लाल झाड लावून देतो."

त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. एल्स्पेथनं पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि तेच वाईट होतं. बोलून दाखवणाऱ्या बायकोशी निदान भांडता तरी येतं.

यंदाच्या वसंतात तिचे डोळे दाखवायला ते शहरात गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. अगदी जवळचं थोडं दिसत राहील, पण रंग हळूहळू जातील. दोन वर्षं, फार तर तीन. परत येताना एल्स्पेथ गाडीत म्हणाली, "चला, तुझ्या सुरकुत्या तरी दिसायच्या नाहीत आता." स्टेनी मोठ्यानं हसला. मग त्याला गाडी कडेला थांबवावी लागली, कारण समोरचा रस्ता दिसेना.

आता टिकणारं लाल झाड मिळण्याची जागा एकच होती, गुडनीची रोपवाटिका. आणि तिथे तर सात वर्षं त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

गुडनी त्याची आतेबहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. जीभ तिची छाटणीच्या कात्रीसारखी. तिसरा मेपल मेला तेव्हा चर्चच्या कॉफीला सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "स्टेनी, तू रोपावरची चिठ्ठी वाचतोस, झाड वाचत नाहीस. चौथं आणशील तर तेही मारशील." लोक खो खो हसले. स्टेनीनं कप खाली ठेवला आणि उठून घरी गेला. तेव्हापासून चर्चमध्ये नुसती मान हलवायची, एवढंच नातं उरलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो तिच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. गुडनी गुडघ्यांवर बसून रोपांभोवती पेंढा पसरत होती.

"कुंपणाला लावायला विलो आहे का गं?" त्यानं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय जुनीच.

"सात वर्षांनी विलो आठवला?" तिनं मान वर न करताच विचारलं. "तुझ्या कुंपणाला विलो आहे. आपल्या आजोबांनी लावलेला. काय हवंय ते सांग."

स्टेनीनं टोपी काढली, पुन्हा घातली. "एल्स्पेथचे डोळे चाललेत. दोन वर्षं म्हणतात."

गुडनीचे हात थांबले. ती काठीला धरून उठली, एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "चल."

मागच्या बाजूला झाडांची ओळ होती. बहुतेकांची पानं झडत आली होती. पण टोकाला एक मेपल उभा होता, डोक्याहून उंच, सरळसोट, हिरवागार. सगळ्या ओळीत त्याच्याइतकं देखणं कुणी नव्हतं. स्टेनीचा जीव तिथेच अडकला.

"हे दे."

"का?"

"का म्हणजे? बघ की कसं टवटवीत आहे. बाकीच्यांनी माना टाकल्या, हे बघ कसं उभं आहे."

"तुझं पहिलं झाड आणलंस तेव्हा कसं होतं रे?"

"हिरवंगार."

"आणि दुसरं?"

"तेही चांगलं हिरवं..."

"तिसरं?"

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे स्टेनीलाही पाठ होतं, पण पाठ असणं निराळं.

"दर वेळी तू शहरातल्या दुकानात ऑक्टोबरात जातोस, स्वस्त लावतात तेव्हा," गुडनी म्हणाली, "आणि ओळीतलं सगळ्यांत हिरवं उचलून आणतोस. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, लाल मेपल. खोटं नाही ते. पण त्याचं बी कुठल्या गावचं, हे चिठ्ठीवर नसतं. अरे, ते हिरवं दिसतं कारण झोपायचं कधी हेच त्याला कळत नाही. त्याच्या आज्यापणज्याला थंडी भेटायची डिसेंबरात. इथे ती ऑक्टोबरात दार ठोठावते, आणि हे बापडं अजून अंगणात खेळतंय! एका रात्रीत आतला रस गोठतो आणि खोड तडकतं."

"मग तू कशाला ठेवलंयस ते?"

"गिऱ्हाइकं ओळखायला. दर वर्षी एक आणते, दर वर्षी ते मरतं. जो धावत त्याच्याकडे जातो, त्याला आधी बसवून कॉफी पाजायची आणि मगच झाडाचं बोलायचं, हे मला कळतं."

स्टेनीचे कान तापले. सात वर्षांपूर्वी असता तर पाय आपटत निघून गेला असता. पण रुसायला आता वेळ नव्हता.

गुडनीनं काठीनं पलीकडे दाखवलं. कमरेएवढं काहीतरी मातीत रोवलेलं होतं, मध्ये वाकलेलं, एकही पान नसलेलं.

"ही काठी?"

"हे झाड. सहा वर्षांचं. विसाव्या तारखेला पानं टाकून झोपलं. दिवस आखडायला लागला की कळतं त्याला. तीनदा थंडीनं शेंडा जळला, म्हणून असं वाकडं आहे. पण तीनदा खालून फुटलं."

"लाल होतं का पण?"

"झालं होतं की. आठ दिवस. तू सात वर्षं उशीर केलास, त्यावर आणखी आठ दिवस."

स्टेनीनं त्या काठीकडे पाहिलं, मग त्या हिरव्या देखण्याकडे. एल्स्पेथकडे वर्षं किती, आणि हे दिसण्याजोगं होणार कधी? "फार लहान आहे गं," तो म्हणाला.

"लहान आहे म्हणूनच तर जगेल. मूर्ती लहान आहे, पण बर्फाखाली मावते. खिडकीवरच्या छपरावरून बर्फ घसरतो ना तुझ्याकडे? त्या ढिगाच्या कडेला लाव. डिसेंबर लागेतो डोक्यावरून बर्फाची गोधडी येईल. तुझी आधीची सगळी उंच होती, डोकं बाहेर काढून वारा खात बसली."

"खिडकीपाशी? पुढेमागे मोठं झालं तर घराच्या पायाला धोका..."

"तीन पावलं सोड. मोठं होईल तेव्हा आपण दोघंही नसू, भांडतील पुढचे. तिला जवळचं दिसतं ना? मग जवळ लाव."

पैसे विचारले तर ती म्हणाली, "आधी जगू दे, मग बोलू." मुळांभोवतीची माती फडक्यात बांधून तिनं ते त्याच्या हातात दिलं. ते एखाद्या सशाएवढ्या वजनाचं होतं. वाटेत दोघातिघांनी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा झाला, की स्टेनीनं यंदा सरळ झाडूच विकत आणला.

त्यानं तीन पावलं मोजून खड्डा केला. जमीन गोठेपर्यंत रोज दोन बादल्या पाणी घातलं, कारण गुडनीनं बजावलं होतं, की तहानलेलं झाड थंडीत आधी मरतं. सशांनी साल कुरतडू नये म्हणून भोवती जाळी बांधली. नोव्हेंबरात बर्फ आला. छपरावरून ढीग घसरला आणि काठी दिसेनाशी झाली. त्यानंतरचे पाच महिने स्टेनी रोज सकाळी खिडकीशी कॉफी घेऊन उभा राहायचा, गावच्या रीतीप्रमाणे दातात साखरेचा खडा धरून, आणि पांढऱ्या ढिगाकडे बघायचा. एल्स्पेथ म्हणायची, "काय दिसतंय रे?" तो म्हणायचा, "काही नाही. तेच चांगलं आहे."

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं, की दिवसा साल जागी होते आणि रात्री गोठून फाटते. ढीग खचून शेंडा उघडा पडला तर, म्हणून त्यानं उन्हाच्या बाजूला एक फळी रोवली. एप्रिलच्या शेवटी ढीग उतरला आणि काठी वर आली. तीच, तशीच वाकडी. गावातले पॉपलर फुटले. बर्चही हिरवे झाले. काठी होती तशीच राहिली.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात स्टेनीला राहवेना. नखानं साल खरवडून बघावी, आत हिरवं आहे की तपकिरी, म्हणून तो बाहेर गेला. झाडाशी बसला आणि हात उचलेना. मागून एल्स्पेथ आली, भिंतीला धरत धरत. ती त्याच्याशेजारी गवतात बसली आणि बोटांनी फांदी चाचपू लागली.

"ओरबाडू नकोस त्याला," ती म्हणाली. "हे बघ, इथे. आणि इथे."

तिनं त्याचं बोट धरून फांदीवर ठेवलं. मोहरीएवढं काहीतरी होतं, टणक आणि किंचित चिकट. डोळ्यांनी स्टेनीला ते दिसलं नव्हतं. आयुष्यात त्यानं देवाचे आभार मानले ते फार तर जेवणाआधी, तोंडातल्या तोंडात. त्या सकाळी गवतात बसून त्यानं ते मोठ्यानं मानले, आणि एल्स्पेथनं त्याला रुमाल दिला.

उन्हाळ्यात झाडाला सदतीस पानं आली. सप्टेंबरच्या बाराव्या तारखेला स्टेनी भांडी विसळत होता. एल्स्पेथ खिडकीशी आली, काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "अरे, तो लाल फडका कुणी टांगलाय तिथे?"

स्टेनीनं नळ बंद केला. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती, ती बाहीनं पुसत होती आणि पुन्हा बघत होती.

"स्टेनी," ती म्हणाली, "हे माहेरचं लाल आहे."

एक्केचाळीस आणि एक, बेचाळीस वर्षांनी तो बायकोच्या ऋणातून सुटला असं कुणाला वाटेल. त्याला तसं वाटलं नाही. उलट आणखी एका माणसाचं देणं लागतो, आणि ते झाडाच्या किमतीत बसणारं नाही, असं वाटलं.

त्या गावात आभार मानायची रीत नाही. तिथे केक नेतात. एल्स्पेथनं अंदाजानं थर लाटले, स्टेनीनं सुक्या आलुबुखाऱ्याचं सारण शिजवलं, आणि सात थरांचा तो केक घेऊन तो गुडनीकडे गेला. ती पुढे दिसली नाही म्हणून तो मागच्या ओळीशी गेला आणि जागच्या जागी थांबला.

त्याचं झाड जिथून काढलं होतं, तिथे माती बसली होती. पण त्यापलीकडे, पेंढ्यात एकमेकांना लागून, तसेच आणखी चार मेपल उभे होते. कमरेएवढे, वाकडे, गेल्या वर्षी नुसत्या काठ्या म्हणून नजरेतून सुटलेले, आता लालबुंद. प्रत्येकाच्या बुंध्याला तारेनं पत्र्याची पट्टी बांधलेली. त्यानं वाकून वाचलं. चारही पट्ट्यांवर खिळ्यानं एकच नाव कोरलं होतं. एल्स्पेथ.

"ते विकाऊ नाहीत," मागून गुडनी म्हणाली.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? तू रुसून बसलास त्याच उन्हाळ्यात माझ्या मांडीचं हाड मोडलं. आठवतंय? तू आला नाहीस. ती आली. रोज सकाळी, तीन महिने, रोपांना पाणी घालायला. एक रोप मेलं नाही तेव्हा. एकदा पाणी घालताना सहज बोलून गेली, की माहेरी या दिवसांत डोंगर लाल असतात." गुडनीनं केक हातातून काढून घेतला. "पुढच्या जूनमध्ये पुतण्याला गाडी काढायला लावली. पूर्वेला पाच तासांवर, जिथे लाल मेपल रानात संपतो, तिथल्या अगदी शेवटच्या, थंडी सोसलेल्या झाडांखालचं बी वेचून आणलं. काठी टेकत. दोनशे बिया पेरल्या. पाच रोपं राहिली."

"मग मला एकच का दिलंस?"

"पाचही दिली असती तर पाचही एकदम मारली असतीस. मला तुझा हात माहीत आहे. एक मेलं की दुसरं, ते मेलं की तिसरं, असं धरून ठेवलं होतं. तू नुसता फाटकातून आत यायला हवा होतास."

तिनं कॉफी ओतली. स्टेनी उलट्या टोपलीवर बसला, आणि सवयीनं साखरेचा खडा दातात धरला. ती चार झाडं समोर वाऱ्यात हलत होती. सात वर्षं तो या फाटकावरून गाडीनं गेला होता, मान सरळ ठेवून.

"गुडनी, मी तुझा फार आभारी आहे," तो म्हणाला. तोंडात खडा होता, त्यामुळे ते नीट उमटलं नाही.

"आधी तो खडा गीळ," गुडनी म्हणाली, "आणि मग परत म्हण."

स्टेनीनं खडा गिळला, आणि परत म्हणाला.