आवाजाचा बार

आमच्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावर आहे, पण गेली तीन वर्षं ती चालवते माझी बायको. हे असं उघड बोलायचं नसतं, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. बंदूक वडिलांची, ठासणीची, पीक राखायला म्हणून मिळालेली. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, वर लोखंडी गजानं काथ्या ठासायचा, आणि मग गोळी घालायची, छर्रे घालायचे की काहीच नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काहीच नाही घातलं तर तो आवाजाचा बार. वानरं पळवायला तेवढा पुरतो.

वैशालीचं म्हणणं, आपल्याला तेवढाच पुरे. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात एकानं झुडूप हललं म्हणून डुक्कर समजून बार काढला, आणि झुडपातून निघाला त्याचाच मेव्हणा. वाचला, पण पाय गेला. त्या दिवशी वैशालीनं मला देवासमोर उभं करून कबूल करायला लावलं, या घरात यापुढे फक्त आवाज. मी कबूल केलं. मी तापट आहे पण शब्दाचा पक्का आहे, असा तेव्हा माझा स्वतःबद्दल समज होता.

वडिलांपासून घरात एक रीत होती. नळीत गोळी किंवा छर्रे असले की नळीच्या तोंडाला लाल चिंधी बांधायची. भरलेली बंदूक बाहेरून बघून काही कळत नाही, आणि एकदा ठासलेलं बाहेर काढायचं तर बार काढूनच निघतं. चिंधी नाही म्हणजे आत नुसती दारू. तीन वर्षांत चिंधीची गरजच पडली नव्हती.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी कामावर निघण्याआधी खालच्या शेतात गेलो. कापणी आठ दिवसांवर आली होती. अर्धं शेत डुकरांनी लोळवून ठेवलेलं, उभं राहिलेलं भात बांधाकडेला तेवढं. आमचं घर माझ्या पगारावर चालतं, भातावर नाही, पण वर्षभर घरचा तांदूळ खातो ही माझी ऐट आहे, आणि तिच्यावरच रानडुकरं लोळून गेली होती. डुकरं मारायच्या परवानगीसाठी वनखात्यात दिलेला माझा अर्ज तिकडे पडून होता. रागाला अर्ज कळत नाही.

घरी आलो, बंदूक काढली, दारू घातली, काथ्या ठासला. मग थांबलो. छर्रे पसरतात, नेम हुकला तरी दोन-चार लागतातच. पण वडील सांगायचे, छर्ऱ्यानं डुक्कर मरत नाय, चिडतं. आणि चिडलेलं डुक्कर समोर येईल त्याला फाडतं. गोळी एकच, लागली तर काम तमाम, नाहीतर गेली. मी एकदा छर्ऱ्याची पुडी उघडली, मिटली, गोळी घेतली, ठेवली, पुन्हा पुडी उघडली. शेवटी गोळी. इतका विचार करून निवड केली याचा मला अभिमानही वाटला. ज्या गोष्टीचा विचार करायला हवा होता ती मनात आलीच नाही.

चिंधी हातात घेतली होती. बांधली की वैशालीला दिसणार, आणि दिसली की महाभारत. मी ती खिशात कोंबली. तीनला सुट्टी, पाचला घरी, संध्याकाळी मचाणावर बसायचं, विषय संपला. वानरं तर आठ दिवस फिरकली नव्हती, दिवसभरात बंदुकीला हात कोण लावतंय?

तेवढ्यात गोठ्यातून तिनं विचारलं, “बंदूक भरलीत काय वो? गजाचा आवाज आला.”

“हां.”

“कशाची?”

“कशाची म्हणजे? आवाजाचा बार. आनखी काय?”

“बरं केलंत,” ती म्हणाली.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. फोन गेटवर जमा करावे लागतात. दहाच्या चहाला दीपेश भेटला. तो आमच्या वरच्या वाडीतला. कप घेऊन बसता बसता हसत म्हणाला, “कोंडाजी, आज मी निघताना वानरांनी आमच्या काकड्या साफ केल्यान न् गेली तुमच्या बाजूला. वहिनीला काम लागलं आज.”

माझा चहा तसाच राहिला. अकराच्या सुमाराला वानरं आली की आमच्या घरामागच्या फणसावर चढतात. वैशाली पडवीच्या कोपऱ्यात उभी राहून फणसाकडेच नळी करते. फणसाच्या पलीकडे उतार, उताराखाली पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्याच वेळेला पऱ्यावर शेजारची राहीकाकी धुणं धूत असते. वाडीत आता मोजून तीन चुली पेटतात, बाकी सगळे मुंबईला. त्यांतली एक काकीची.

पोटात कळ आली म्हणून साहेबाला सांगितलं. गेटवरच्या वॉचमननं फोन देताना विचारलं, “घरी सगळं ठीक ना?” चोराच्या मनात चांदणं, मी त्याच्या अंगावरच खेकसलो, “काय झालंय घरी? काय नाय झालं.” वैशालीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आमच्या वाडीत रेंज येते ती देवळामागच्या कातळावर, आणि कामाच्या वेळी कातळावर कोण जाऊन बसतंय? तरी लावत राहिलो. अकरा वेळा तीच बाई तेच बोलली.

महामार्गाला लागलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. गाडी पळवत होतो आणि स्वतःला शिव्या घालत होतो, मोठ्यानं, हेल्मेटच्या आत. मधेच वाटायचं, उगाच घाबरतोय, वानरं दुसरीकडे वळली असतील. मधेच वाटायचं, बार झालासुद्धा असेल आणि मी अजून इथे ट्रेलरच्या मागे अडकलोय. मग मनात गोष्टी जुळवायला लागलो. चिंधी बांधली होती, गळून पडली असेल. किंवा वैशालीलाच म्हणायचं, छे, तूच भरलीस, तुला आठवत नाय. माणूस किती हलका होऊ शकतो ते त्या तासाभरात मला समजलं, आणि समजूनही मी जुळवतच राहिलो.

पोलादपूरला थांबलो. पोलीस ठाण्यात फोन केला असता तर कदाचित कुणी तरी माझ्याआधी पोचलं असतं. नंबर काढला. मग म्हटलं, परवाना जाईल. फोन खिशात टाकला आणि आंबेनळीच्या रस्त्याला लागलो. हे मी आजवर वैशालीलाही सांगितलेलं नाही.

वाडीच्या वळणावर गाडी बंद करून कान दिला. काही नाही. फणसाकडे बघितलं. वानरं बसलेली असती तर मी तिथेच त्यांच्या पाया पडलो असतो. पण फणस रिकामा होता, खाली अर्ध्या खाल्लेल्या काकड्या पडल्या होत्या, म्हणजे वानरं येऊन गेली होती, बार होऊन गेला होता. पळत घरी गेलो.

पडवीत दोघी बसल्या होत्या. दोघी म्हणजे दोघीही. मी खांबाला धरून उभा राहिलो.

राहीकाकीसमोर तिची निळी बादली होती. एका बाजूनं बोट जाईल एवढं भोक, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक उसवलेलं. ओले कपडे पायरीवर तसेच.

“ये, कोंडाजी,” काकी म्हणाली. “बघ तुझ्या बायकोनं काय केलंन ता. नेमकी तिथंच बादली ठेवून थांबले म्हणून. आनखी एक पाऊल टाकलं असतं तर मी आज बोलाया नसते. देव तारी त्याला कोण मारी. आता विचारते तर म्हणते, गोळी माझ्याच हातनं चुकून भरली गेली. बायकामानसाच्या हातात बंदूक देतोसच कशाला रे तू?”

मी वैशालीकडे बघितलं. ती उजवा खांदा धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. गोळीच्या बाराचा धक्का वेगळाच बसतो. तिला तो बसल्या क्षणी सगळं कळलं असणार. तरी तिनं ते आपल्यावर घेतलं होतं. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. परवाना वाचला, काकीसमोर तोंड वाचलं. नुसतं गप्प बसायचं होतं.

मग मला माझीच किळस आली.

“काकी, तिनं नाय भरली,” मी म्हटलं. “सकाळी मी भरली. डुकरासाठी. चिंधी बांधली नाय आनि हिला खोटं सांगितलं.”

काकी माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिच्या मांडीवर मी जेवलोय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पायरीवरचे कपडे गोळा केले, भोक पडलेली बादली उचलली. वैशाली म्हणाली, “काकी, चहा ठेवते,” तर ती म्हणाली, “नको गो, आता नको,” आणि हळूहळू आपल्या घराकडे गेली.

मी वैशालीशेजारी खाली बसलो. एवढं खरं बोललो म्हणजे आता ती रडेल, भांडेल, आणि मग हळूहळू सगळं जागेवर येईल, असं मला वाटत होतं.

“सांगितलं गो मी तिला,” मी म्हटलं.

“चांगलं केलंत.”

मी खांद्याला हात लावायला गेलो तर तिनं खांदा चोरला.

“तुमाला वाटतंय, काकी मला दिसली नाय,” ती म्हणाली. “मला दिसत होती. पऱ्यावरनं वर येत होती, फनसाच्या बरोबर खाली. मी हाकसुद्धा मारली, काकी, कान झाक गो, बार काढते. ती हसली. कडेवरची बादली खाली ठेवलीन न् दोन्ही हातांनी कान झाकलेन. मग मी चाप ओढला.”