लाखोळीची पायली

कांताबाईच्या चुलीवर दोन्ही वेळेला एकच डाळ शिजायची, लाखोळीची. रामटेकच्या खालच्या अंगाला सगळ्या भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं. भात उभा असतानाच बांधीतल्या ओलीत लाखोळी फेकायची आणि खुशाल विसरून जायचं. खत नको, पाऊस नको, तरी ती बया येते. म्हणून ती स्वस्त, आणि स्वस्त म्हणूनच मजुराच्या वाट्याची. वामनराव पाटलांचा तांदूळ नागपूरच्या बाजारात जाई, गहू त्यांच्या घरात राही आणि राबणाऱ्यांना आठवड्याची मजुरी म्हणून लाखोळीची पायली मिळे. आजोबा-पणजोबांपासूनची रीत. एकदा रीत म्हटली की तिला 'का?' असं कोणी विचारत नाही, हेच तर आपल्या समाजाचं जुनं दुखणं आहे.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, तेव्हा लाखोळीशिवाय घरात दुसरं काही नव्हतंच. भाकरसुद्धा तिच्याच पिठाची, नावाला मूठभर ज्वारी. कांताबाईने भांड्याच्या बुडातली घट्ट डाळ काढून बळीरामच्या ताटात वाढली.

"खाय बापा. दिवसभर वखर हाकायचा हाये तुले."

बळीराम तिचा एकुलता एक. पाटलांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा. आधी ती जागा त्याच्या बापाची, धोंडबाची होती. काही वर्षांमागे धोंडबाचे पाय ताठले. लोक म्हणाले, वारं गेलं अंगावरून. कोणी अंगारा दिला, कोणी तेल दिलं. तेव्हापासून तो दोन काठ्यांवर दाराशी बसून असे. जो राबतो त्याला जास्त वाढायचं, हा कांताबाईचा साधा हिशेब. त्यात माया होती, दुसरं काय असणार!

बळीराम हात धुऊन उठला आणि अंगणात उतरला. कांताबाई सहज बघत होती. पोराची टाच जमिनीला टेकत नव्हती.

"काहून रे, असा चवड्यावर काहून चालून राहिला?"

"काही नाही वं माय. पिंढऱ्या धरल्या. सुटतीन दोन दिवसानं."

ही चाल तिने पाहिलेली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर धोंडबाने मान फिरवली.

"माहेही पाय असेच धरले होते," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

पोराला घेऊन ती नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई वयाने लहानच होत्या, पण मायेने बोलत. त्यांनी बळीरामच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली, तसा पाय केवढ्या जोरात उडाला.

"घरी डाळ कोणती खाता?"

"लाखोळी. दुसरी कोनती खाऊ, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या पाठीवर हात ठेवून समजावलं. मेंदूपासून कण्यातून खाली बारीक नसा जातात. पाय उचल, पाय ढिला सोड, हे सगळे हुकूम त्या वाटेने जातात. लाखोळीत एक विष असतं. महिनोन्महिने तीच खाल्ली की ते विष ती वाट जाळून टाकतं. डोकं शाबूत राहतं, हात बहुतेक शाबूत राहतात. पाय तेवढे लाकडासारखे होतात.

"मंग औषध द्या ना, बाई! लई लांबून आनलं याले."

"जळलेली नस पुन्हा होत नाही हो. आहे तेवढं वाचवायचं तर लाखोळी बंद करा. आजपासूनच."

"मंग खाचं काय?"

डॉक्टरीणबाई हातातली हातोडी नुसती फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगदीच इलाज नसला तर गरम पाण्यात भिजवा अन् ते पाणी फेका. मग भरपूर पाण्यात शिजवा, तेही फेका. विष कमी होतं. जात मात्र नाही."

कांताबाई एकदम म्हणाली, "ते पानी तं मी याच्या बापाले पाजलं! पाय धरले तवापासून रोज पाजलं. ताकदीचं म्हून, माय वं!"

मजुरीच्या दिवशी बाया पाटलांच्या ओट्याखाली बसल्या. मालकीण रंभाबाई वरून पायली उपडी करत आणि बायांनी खाली पदर धरायचा. कांताबाईचं घर बौद्ध होऊन कैक वर्षं लोटली होती, पण तिच्यासाठी पायली अजून दोन हात वरूनच ओतली जाई. त्या दिवशी तिने पदर पसरला नाही.

"काहून वं कांता? धर ना पदर."

"बाई, मले ज्वारी द्या. कमी द्या, पन ज्वारी द्या. माह्या पोराचे पाय चालले."

"ज्वारी काय आभाळातून आनू? सारा गाव हेच खाऊन राहिला. तुयाच पोराले बरं बाधते!"

इतक्यात गोठ्यातून गड्याने हाक दिली, "मालकीनबाई, राजाले काय टाकू?" राजा म्हणजे पाटलांचा खिलारी बैल.

"सरकीची ढेप टाक," रंभाबाई तिथूनच ओरडल्या, "अन् लाखोळी घालू नको म्हटलं ना त्याले! मागच्या साली कसे पाय ताठले होते त्याचे!"

बायांचे हात पदरातच थांबले. रंभाबाईंच्याही ध्यानात आलं, पण शब्द निघून गेला होता.

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं, बाई?" कांताबाईने विचारलं.

"ठाऊक कायचं? बैलाचं वेगळं असते, मानसाचं वेगळं. बैल विकत आनावा लागते!"

कांताबाई रिकाम्या पदराने घरी आली. शेजारच्या मीराबाईने आपली पायली मात्र घेतली. तिच्या घरी लहान लेकरं होती, तिला कोण बोल लावणार? दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी बळीराम गुडघ्यात गुडघा अडकवत, भिंतीला धरत, स्वतः जाऊन पायली घेऊन आला. "उपाशी मरू काय, माय?" तो म्हणाला. तिने डाळ भिजवली, पाणी फेकलं, शिजवली, पाणी फेकलं, आणि रडत रडत पोराला वाढली.

त्या वर्षी बळीरामची टाच जमिनीला टेकली नाही, अजूनही टेकत नाही. बाजारात ही डाळ विकायला मनाई आहे म्हणे. पण मजुरी म्हणजे विक्री थोडीच! कायद्याला हे ओटे दिसत नाहीत.

कांताबाई मात्र दर मजुरीच्या दिवशी ओट्यापासून जरा दूर जाऊन बसते. रंभाबाई हाकलतात, तरी उठत नाही. पदर भरून निघालेल्या प्रत्येक बाईला एवढंच सांगते, "पानी फेकजो वं बाई. ताकदीचं समजून लेकराले पाजू नको." याहून जास्त तिच्या हाती काही नाही. तुमच्या-माझ्या हाती आहे की नाही, ते आपण तुरीच्या वरणाचा पहिला घास घेताना आपल्या मनाला विचारावं.

धोंडबाने आपल्या काठीच्या मापाची दुसरी काठी पोरासाठी तासून ठेवली आहे. आणि पाटलांचा राजा अजून चारही पाय ठामपणे टाकत बांधीवर जातो. त्याला लाखोळी घालत नाहीत.