पाठ तपकिरी आहे का?

सिंधुचा फोन आला तेव्हा मी तिला चार प्रश्न विचारले होते. कमरेएवढा उंच आहे का? मान पांढरी आहे का? डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखं दिसतं का? पाठ तपकिरी आहे का? चारही प्रश्नांना ती "हाव" म्हणाली. मी वहीत चार खुणा केल्या.

भोकरच्या पुढे, माळाच्या पायथ्याशी, सिंधुनं स्वतःच्या शेतात दोन खोल्या बांधल्या आहेत. नवरा हैदराबादला असतो. नांदेडहून शनिवार-रविवारी कुटुंबं येतात, हुरडा खातात, माळावर फिरतात. गेल्या हिवाळ्यात तिथे चार दिवस राहून मी पक्ष्यांची यादी करून दिली होती. ती तिनं लॅमिनेट करून दाराला लावली. मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्या पक्षीमित्र मंडळाकडे येणाऱ्या जिल्ह्यातल्या नोंदी मीच तपासते. म्हणून "माळावर ढोक येऊन राहिला" असं तिनं सांगितलं, तेव्हा मी माळढोक ऐकलं. आमच्या भागात मी तो कधीच पाहिलेला नाही. त्या चार खुणांच्या जोरावर फोनवरच सांगून टाकलं, की तो असेल तर त्या माळावर कुणी एक खांबसुद्धा सहज रोवू शकणार नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी भोकरला उतरले. न्यायला सिंधुचा दीर बसवंत आला होता. माझी बॅग मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून तो म्हणाला, "म्याडम, तुमच्या कोंबडीपायी आमचं काम अडून राहिलं."

पुढचं सगळं त्यानंच वाटेत सांगितलं. माळावर सोलरचे पॅनल येणार आहेत. भाऊबंदांनी सह्या केल्या आहेत, फक्त सिंधुची राहिली आहे आणि तिचा तुकडा नेमका मधोमध आहे. ती सही करायला तयार झाली होती, पण तीन आठवड्यांपूर्वी एकाएकी नाही म्हणू लागली. घरात आता कुणी तिच्याशी बोलत नाही. सासू भाकरीसुद्धा वेगळी थापते. सोमवारी कंपनीची माणसं भोकरला शेवटची येणार. तीन आठवड्यांपूर्वी म्हणजे आमच्या त्या फोननंतर, हा हिशोब मी मनातल्या मनात केला.

सिंधु मात्र खुशीत होती. खोलीत नवी चादर होती. माळ राहिला तर आणखी एक खोली काढायची, असं ती वाढता वाढता सांगत होती. माळच गेला तर लोखंड बघायला नांदेडहून कोण येणार, हेही तिनंच विचारलं.

रविवारी पहाटे आम्ही दोघी बाभळीखाली बसलो. धुकं होतं. सात वाजून वीस मिनिटांनी तो हरभऱ्याच्या कडेनं चालत आला. उंच होता. मान कापसासारखी पांढरी होती, डोक्यावर काळी टोपी होती. पाठ काळी होती आणि पाय लाल. कांडेसर होता. करकोच्याच्या जातीतला, देखणा पक्षी. पण तो माळढोक नव्हता. पायांबद्दल मी फोनवर विचारलंच नव्हतं. दुर्बीण खाली घेण्याआधी मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, कारण खाली घेतल्यावर बोलावं लागणार होतं.

मी सांगितलं. सिंधुला ते पटेना. तिच्या लेखी लांब पायांचा प्रत्येक मोठा पक्षी ढोक, आणि हा तर माळावरच उभा होता.

"पाठ तपकिरी आहे का, असं मी विचारलं होतं," मी म्हणाले.

"हाव, इचारलं की."

"तू हाव म्हणालीस."

"तुमी बोलून राहिल्या होत्या म्हनून म्हनलं. ऐकून राहिले म्हनून." ती माझ्याकडे बघत होती. "मोठ्या मानसाला मधी न्हाई कसं म्हनावं?"

उत्तर प्रश्नात घालून विचारू नका, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. आणि इथल्याच मातीत वाढूनही तिचा हुंकार मी होकार म्हणून लिहून घेतला.

पक्षी उडाला. पंखांचा आवाज ऐकू आला.

"तुमची नोंद तपासतं कोन?" सिंधुनं विचारलं.

"मीच."

"मंग?"

मला उत्तर लगेच द्यायला हवं होतं. दिलं नाही. वहीत एक ओळ लिहिली तर काय काय होईल, याचा मी खरोखर विचार केला. वनखात्याची माणसं आली असती, त्यांनी महिनाभर शोधलं असतं, काही सापडलं नसतं. तोवर सोमवार टळला असता. आणि नंतर कधी खरोखरच माळढोक दिसला, तर या माळाचं कुणी ऐकलं नसतं. हे सगळं मी तिला सांगितलं. वाक्यं बरोबर होती. ती खाली बघून पदराला लागलेली कुसळं काढत होती.

"एक सांगा," ती म्हणाली. "सोलरचे पत्रे आले की हा तरी येईल का?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"म्हंजे न्हाई."



दिवसभर ती जेवणाखाणात कुठेही कमी पडली नाही. संध्याकाळी तिनं स्वतःच सासरच्या घरी जाऊन, सकाळी सहीला येते म्हणून दिराला कळवलं. सासू काय म्हणाली, असं मी विचारलं. काही नाही, बसायला सांगितलं, एवढंच ती म्हणाली.

सोमवारी नऊ वाजता बसवंत आला. सिंधु इस्त्रीची साडी नेसून, आधार कार्ड पिशवीत घालून बाहेर आली. माझी गाडी अकराची होती. किल्ली खिडकीत ठेवा, डबा बांधलाय तो विसरू नका, असं सांगून ती मोटारसायकलवर बसली. मी तिला थांबवून म्हणाले की चूक माझी होती, घरच्यांना तसं सांग. तिनं मान हलवली. ती कशासाठी, हे मी या वेळी ठरवलं नाही.

बसवंत मला काहीतरी बोलेल म्हणून मी उभी होते. त्यानं वहिनीचा पदर चाकात जात नाही ना, तेवढं मागे वळून पाहिलं, आणि गाडी सावकाश, खड्डे चुकवत, भोकरच्या रस्त्याला लावली.