बारमाही

"हे घ्या तुमचं बारमाही!" असं म्हणत बाईंनी कुंडी टेबलावर आदळली. आत नुसत्या काटक्या होत्या. "जरा थंडी काय पडली, त्यानं राम म्हटला!"

रोपवाटिकेत परत आलेली ही अडतिसावी कुंडी. प्रत्येकीवर, पाट्या लिहिणाऱ्या अक्षरताईंच्या वळणदार हाताची पाटी होती : 'बारमाही'. मूळ इंग्रजी चिठ्ठीवर 'पेरेनिअल' होतं. ताईंनी शब्दकोश उघडून पहिलाच अर्थ उचलला आणि नदीचा शब्द फुलाला चिकटवला. पंधरा वर्षांत पहिली चूक, तीही अशी घसघशीत!

"कुंड्या खतात टाका," मालक म्हणाले. "दोन-तीन महिन्यांत पाट्या छापायचं यंत्र येतंय. तुमचं टेबल काढावं लागेल, ताई."

टेबल म्हणजे कोण, हे न कळायला ताई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी शब्दकोश पुन्हा उघडला. नदीच्या खालीच, बारीक टायपात, झाडांसाठीचा दुसरा अर्थ होता : वर्षानुवर्षं जगणारं. मग त्यांनी कुंडीतली माती उकरून मुळावर नख मारलं. आत पांढरं होतं, ओलं होतं.

"मालक, हे मेलेलं नाही. वरून वाळतं आणि दरवर्षी मुळातून परत फुटतं. चूक माझी आहे, झाडाची नाही."

"अहो, पण गिऱ्हाईक—"

"थंडी सरेपर्यंत एकही कुंडी हलणार नाही."

मालकांनी कपाळाला हात लावला. ताईंनी अडतीस नव्या पाट्या लिहिल्या : 'थंडीत वाळेल. टाकू नका.' त्या रोज सकाळी बेतानं पाणी घालू लागल्या.

"काय ताई, काटक्यांची शेती का?" माळी चिडवायचे.

"हसा लेको," ताई म्हणायच्या.

थंडी सरली आणि एकतीस कुंड्यांत कोंब आले. उरलेल्या सात खरंच गेल्या होत्या. त्या ताईंनी स्वतः खतात नेल्या. मग त्यांनी त्या बाईंना फोन केला. बाई आल्या, कोंबाकडे बघत राहिल्या आणि कुंडी काखेत मारून निघाल्या.

"ही पाटी राहू दे हं," जाता जाता एवढंच म्हणाल्या.

त्याच दिवशी यंत्र आलं. मन घट्ट करून ताई आपली शाईची बाटली आणि ब्रश आणायला आत गेल्या. यंत्र कोपऱ्यात होतं. टेबल मात्र खिडकीशी, जागच्या जागी होतं आणि त्यावर एक पाटी चिकटवलेली होती. मालकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी लागलं : 'टाकु नका.'

ताईंनी पदरानं डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि ब्रश शाईत बुडवून आधी तो उकार दीर्घ केला.