डाव्या डोळ्याचा नंबर

पायावरच्या फोडातून जंतू रक्तात शिरले आणि भिंगकाका मरता मरता वाचले. इस्पितळातून सुटले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, तरी दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकान उघडलं. घरी भिंतींशी किती बोलणार?

चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे डावा डोळा धुरकट झाला तेव्हा त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं. नंबर बदलला. नवी काच घासून चौकटीत बसवली. धुरकटपणा तसाच. मग पाव नंबर आणखी वाढवला. डोळा लाल झाला, ठणकू लागला, उजेड सोसेना. त्याचं खापर त्यांनी काचेच्या भुकटीवर फोडलं.

ताईचा परगावाहून फोन आला. "डोळा डॉक्टरला दाखवलास का रे?"

"आता डोळ्यांचं तू मला शिकव!"

"चष्मे करतोस तू, डोळे नाही करत. मोठा आलाय!"

काका हसले. फोन ठेवल्यावर दुकान आणखीच सुनं वाटलं.

पुढची काच तयार झाली. ती डोळ्यापुढे धरून त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला. समोरचा अक्षरांचा तक्ता नव्हता. भिंतही नव्हती. होती ती नुसती राखाडी साय. काच काढली, तरी तेच. मग मात्र त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि डोळ्यांचा दवाखाना गाठला.

डोळ्यांची डॉक्टरीण त्यांची मुलगी शोभेल एवढ्या वयाची होती. "काका, रक्तातले जंतू डोळ्याच्या आत पोचलेत. आत पू झालाय. कधीपासून आहे हे?"

"घरी आल्यापासून."

"आणि आज येताय?"

"नंबर वाढला असेल, असं वाटलं."

ती रागावली नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं. लगेच डोळ्यात औषध टोचलं गेलं, शीर धरून पुन्हा सलाइन सुरू झालं.

काही दिवसांनी तिने त्यांच्यापुढे हात हलवला. "काय दिसतंय?"

"काहीतरी हलतंय."

"डोळा वाचला, काका. नजर मात्र बहुधा एवढीच राहील."

त्यांनी मान हलवली. काळा चष्मा लावून ते बाहेर बाकावर टेकले. डावीकडे एक बाई बसल्यात हे त्या खोकल्या तेव्हा कळलं.

"तुमचा पेशंट आत आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मीच आहे."