रिकामी पेटी होडीत चढत नाही

मी बोलतेय, पण माझं खरं नाव घेऊ नका. आमच्या डोंगरात शवपेटीला शवपेटी म्हणत नाहीत, 'आयुष्याचं लाकूड' म्हणतात. ती घरात असली की म्हातारं माणूस जास्त जगतं, असा समज आहे. माझ्या नशिबी तो खरा ठरला!

आमचे म्हातारे थान शोउलिन साठीचे झाले, तेव्हा सुरूच्या जाड फळ्यांतून त्यांच्यासाठी मला घडवलं. दरवर्षी ते मला काळं रोगण लावत आणि म्हणत, "थांब हं बाई, अजून थोडं." थांबले. वीस-एक वर्षं थांबले. पोटात मक्याचं बियाणं, डोक्यावर खुडूक कोंबडी! ज्यासाठी जन्म घेतला, ते सोडून सगळं करून झालं.

यंदा मुलगा त्यांना शहरात न्यायला आला. म्हातारे अडून बसले, "ही येत असेल तरच मी येईन."

"बाबा, तिकडे माणसाला जाळतात. हिचं काय करायचं?"

"मला मातीतच जायचंय. तेही हिच्यातून."

धक्क्यावर होडीवाली छिनबाई कमरेवर हात ठेवून उभी. "रिकामी असेल तर नेणार नाही. रिकामी पेटी वाटेत गिऱ्हाईक शोधते!"

"मका आहे आत," म्हातारे म्हणाले, तेव्हा कुठे मला चढवलं.

नदीकाठच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत भाताची लावणी चालली होती. वर उभ्या कड्याच्या कपारींत जुन्या काळच्या पेट्या ठेवलेल्या दिसल्या. त्यांच्यावर कधी कोंबडी बसली नसेल. माझा नुसता जळफळाट झाला.

शहरात मुलाची उंच इमारत धक्क्याला लागूनच होती; त्याने मका पोत्यांत भरून वर घरी पाठवला. लिफ्टमध्ये मी आडवी मावेना आणि उभी करायला म्हातारे तयार होईनात.

"राहू दे इथेच धक्क्यावर," मुलगा वैतागला.

"मग आम्ही दोघं घरी चाललो."

"रिकामी नेणार नाही म्हटलं ना, आजोबा!" छिनबाई होडीतून ओरडली.

म्हाताऱ्यांनी माझ्या काठावरून एक पाय टाकला, मग दुसरा, आणि आत बसले. "झाली का भरलेली? चल, काढ होडी."

"बाबा, उतरा! लोक बघतायत!"

"बघू देत. माप बरोबर आहे."

छिनबाई पोट धरून हसली, पण तिने आम्हाला होडीत घेतलं.

आता कडा पुन्हा जवळ येतोय. इतकी वर्षं वाट पाहिली आणि हे आले ते असे! भुईमुगाच्या शेंगा खात, टरफलं माझ्यातच टाकत. चीड येते हो, खूप येते. पण आता त्यांचा डोळा लागलाय. घर येईपर्यंत त्यांना कुणी उठवू नका.