दारावरची पिवळी अक्षरं

पूर्वी कुणी विचारलं, की मी सांगायचो, "माझी मेहुणी गाड्या धुते." हल्ली दुसरं कुणी असं म्हणालं तर माझं डोकं फिरतं. धुणं हे तिचं पहिल्या पाऊण तासाचं काम. त्यानंतर गाडी दोन-तीन दिवस तिच्या ताब्यात असते, आणि त्या दिवसांत ती गाडीशी जितकं समजुतीनं वागते तितकं आमच्या घरात कुणी कुणाशी वागत नाही. तिला सगळे छोटी म्हणतात. वय चव्वेचाळीस, पण माझ्या बायकोची धाकटी बहीण ती धाकटीच.

मी स्वतः तीस वर्षं रंगाचं दुकान चालवलं. दुकान बंद केलं आणि घरी बसून बायकोच्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागलो. चौथ्या दिवशी तिनं बहिणीला फोन लावला. "यांना तुझ्याकडे घेऊन जा बाई, नाहीतर मीच कुठंतरी निघून जाते." असा मी छोटीच्या गॅरेजमध्ये रुजू झालो. पाण्याचा पाइप, दोन बादल्या आणि गिऱ्हाइकांशी गप्पा एवढं खातं माझ्याकडे आलं. रंगातलं मला सगळं कळतं, असं माझं मत. छोटीचं मत वेगळं. "भावोजी, तुम्हाला रंग लावायचा कसा ते कळतं. राखायचा कसा ते माझ्यावर सोडा."

तिच्या फळीवर बाटल्या ठरलेल्या क्रमानं असतात. डावीकडे सर्वांत सौम्य, उजव्या टोकाला सर्वांत कडक. डावीकडच्या सारख्या संपतात, उजवीकडच्यांवर धूळ बसते. माझा स्वभाव उजव्या टोकाचा. डाग दिसला की तो मला आत्ताच्या आत्ता, मुळासकट गेलेला हवा. छोटी आधी साधं पाणी लावते आणि थांबते. पाण्याला जमलं नाही तर शाम्पू, पुन्हा थांबते. त्यालाही जमलं नाही तर पुढची बाटली, पण ती आधी गाडीवर कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, दाराच्या आतल्या कडेला. सुरुवातीला तिची ही थांबायची खोड बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गुरुवारी बाई आल्या, सोबत त्यांची मुलगी. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला या बाईंनी शिकवलं. मलाही शिकवलं, माझ्या बाबतीत त्यांना दोनदा शिकवावं लागलं एवढंच. गाडी तीच होती, एकतीस वर्षांची, एकेकाळी निळी. आता ती राखेच्या रंगाची झाली होती. टपावर बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागत होती. पुढच्या दारावर अक्षरं होती, तपकिरी, मळकट: "शिकाऊ चालक, सांभाळून घ्या." दुसऱ्या बाजूलाही पूर्वी तीच होती, पण एका शिकाऊनं ती बाजू विजेच्या खांबाला टेकवली आणि दार बदलावं लागलं. ही अक्षरं बाईंच्या यजमानांनी हातानं रंगवलेली. ते पाट्या रंगवायचे. माझ्या दुकानातूनच डबे न्यायचे, आणि रंग नीट ढवळला नसेल तर परत आणून माझ्या टेबलावर ठेवायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

"सोमवारपासून शाळा मी बघणार आहे," मुलगी म्हणाली. "गाडी अशी दिसली तर कोण शिकायला येईल? तुमच्यानं उजळली तर ठीक. नाहीतर सोमवारी सकाळी रंगाऱ्याकडे न्यायचं ठरलंय, सगळा नवा रंग."

"म्हणजे आधीचं सगळं घासून काढणार," छोटी म्हणाली. "आणि ही अक्षरं?"

"स्टिकर लावू. आताही कुठं वाचता येतंय?"

बाईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. जन्मभर रस्त्यावर मोठ्यानं बोललेली ही बाई आमच्या गॅरेजमध्ये गप्प उभी राहिली, ते मला बघवेना. मुलगी फोनवर बोलत बाहेर गेली तेव्हा बाई छोटीला हळूच म्हणाल्या, "तिचंही बरोबर आहे गं. पण अक्षरं वाचवता आली तर बघ."

शुक्रवारी सकाळी गाडीवर आधी फेस चढवला आणि माती आपोआप सुटून खाली येईपर्यंत तिला हात लावला नाही. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत हात धुवायचं पाणी. हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. एकाच बादलीत काम केलं तर काढलेली वाळू आपणच परत गाडीवर घासतो. मी स्वतःची गाडी वीस वर्षं एका बादलीत भांड्यांचा साबण कालवून धुतली, तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे का आहेत ते मला या वयात कळलं.

दुपारी छोटीनं सौम्य पॉलिश हातात घेतलं. टपाचा एक वीतभर तुकडा चोळला आणि कापड निळं झालं. मी ओरडलोच. "अगं, रंग निघतोय!"

"निघणारच. या जुन्या गाड्यांवर वरून पारदर्शक थर नसतो, कापडावर रंगच येतो. हा वरचा मेलेला आहे भावोजी. खालचा बघा."

खाली निळा होता, नुसता निळा. माझ्या दुकानात त्या छटेचा डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा दिसला होता, अगदी तसा. गिऱ्हाइकांशी गप्पांचं खातं सोडून मी उरलेला दिवस तिच्यामागं कापडं पुरवत राहिलो. कडा आणि कोपरे ती मशीनला देत नव्हती, तिथं रंग पातळ असतो म्हणून सगळं हातानं. संध्याकाळी आत बसून तिनं ब्रेक-क्लचची पेडलं साफ केली; शिकवायची गाडी म्हणून ती दोन्ही बाजूंना होती. बाईंच्या बाजूच्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, क्लचचं मात्र जवळपास नवं. मी चकाकीची बाटली पुढं केली तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ती परत ठेवून आलो. "पायाखाली चकाकी? पाय सटकला म्हणजे?"

शनिवार अक्षरांसाठी राखून ठेवला होता. मी म्हटलं, कडेनं टेप लावू. ती म्हणाली, टेप काढताना अक्षर सोबत आलं तर काय करणार? म्हणून अक्षरांपासून बोटभर अंतरात मशीन नाही, टेप नाही, फळीवरची कुठलीच बाटली नाही. कानात घालायच्या कापसाच्या काड्या, शुद्ध पाणी आणि एक छोटं स्टूल. काडी ओली करायची, अक्षरावरून अलगद लोळवायची, घासायची नाही. मग उजेडात धरून बघायची. काडी तपकिरी झाली तर मळ, पिवळी झाली तर तिथंच थांबायचं. एका अक्षराला वीस-वीस मिनिटं. अकरा वाजेपर्यंत 'शिकाऊ' पिवळं झालं. हळदुवं नाही, स्वच्छ, भरदार पिवळं. मी तीस वर्षं रंग विकला, पण असा हात चालताना पाहिला नव्हता. मला छोटीचा फार अभिमान वाटला, आणि तो तिला सांगायला जीभ उचलली नाही.

दुपारी ती घरी जेवायला गेली. शेवटच्या अक्षराच्या कान्याला लागून डांबराचा एक ठिपका राहिला होता. तासभर ती त्याच्यावर पाण्याचा बोळा ठेवून उचलून बघत होती, तो ढिम्म हलत नव्हता. मला वाटलं, एवढंसं काम, ती येईपर्यंत करून ठेवू. कोपऱ्यात थिनर होता. कापडाला टिपूसभर लावला आणि ठिपका एका हातात पुसला.

ठिपका गेला. त्याच्यासोबत कान्याचा खालचा अर्धा भागही गेला. कापडावर पिवळा पट्टा आणि दारावर कोरा निळा. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, की ऑइलपेंट काढायचा असेल तर थिनर वापरा, आणि तेच मी त्या माणसाच्या अक्षरावर करून बसलो होतो.

छोटी आली, वाकली, वास घेतला. "थिनर?"

"हो."

"किती वेळा फिरवला?"

"एकदाच."

तिनं आधी ओला बोळा लावून उरलेलं थिनर टिपून घेतलं, वरचा अर्धा काना वाचला. मग स्टुलावर बसून दुसरी काडी भिजवली. मला राहवेना. "अगं, ओरड तरी!"

"ओरडून परत येणार आहे का? काड्यांचा डबा द्या इकडे."

संध्याकाळी मी म्हटलं, "मी तंतोतंत पिवळा मिसळतो. बाईंचे यजमान कोणता रंग न्यायचे ते मला पाठ आहे. कान्याला जोड देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"कळणार नाही म्हणूनच नको," ती म्हणाली. "मिसळून आणा. पण लावायचं की नाही, ते ज्यांचं आहे ते ठरवतील." मग तिनं सगळ्या गाडीला मेण चढवलं, पातळ. कोऱ्या राहिलेल्या त्या बोटभर जागेवर मात्र लावलं नाही. मेणावर रंग धरत नाही, हे मी तिला सांगायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी दोघी आल्या. गॅरेजचं दार उघडल्याबरोबर बाईंचा हात तोंडावर गेला. गाडी निळी होती. टपात समोरची खिडकी दिसत होती. मुलगी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली आणि पुढच्या दारासमोर थांबली. "मला वाटायचं ही अक्षरं तपकिरीच होती," ती म्हणाली.

मी मनात म्हणत होतो, आता नाही दिसणार, आता नाही दिसणार. छोटीनं बोट नेमकं तिथंच ठेवलं. "हा अर्धा काना आमच्याकडून गेला. माफ करा."

'आमच्याकडून.' दिवसभर वीस-वीस मिनिटं एका अक्षरावर घालवलेल्या छोटीनं माझी चूक निम्मी स्वतःच्या अंगावर घेतली. मला ते सहन झालं नाही. "आमच्याकडून नाही, माझ्याकडून," मी म्हणालो. "तिनं नको म्हटलेली गोष्ट मी ती नसताना केली. बाई, मला काय बोलायचं ते बोला."

बाईंनी वाकून तो काना पाहिला. मुलगी खाली बसली. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, ब्रश उचलल्याच्या जागी रंग थोडा जाड होता तिथं बोट थांबलं. मान वर न करता तिनं विचारलं, "हा रंग तुमच्याकडे आहे?"

मी डबी उघडली, चार नंबरचा ब्रश काढला आणि आपसूक पुढं झालो. तिनं हात पुढं केला. "तुम्ही नाही काका. मी."

"तुला ब्रश धरता येतो का?" बाई म्हणाल्या.

"नाही येत. तू बस माझ्याशेजारी."

छोटीनं स्टूल सरकवलं. बाई बसल्या, आणि त्यांचा आवाज तो जुना, रस्त्यावरचा झाला. "घाई नको. दम सोड. हां, आता चल. हळू, हळू... बास, थांब."

काना जाड झाला. खाली जरा कललाही. मुलीचा चेहरा पडला. "बिघडवलं मी," ती छोटीला म्हणाली. "पुसता येईल?"

"ओला आहे तोवर कशानंही पुसता येईल," छोटी म्हणाली. तिच्या खांद्यावर कापड होतं, मागं फळीभर बाटल्या होत्या, आणि ती जागची हलली नाही.

"कुणी हात लावायचा नाही त्याला," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आलं होतं आणि ते त्या लपवतही नव्हत्या. मुलीनं आईकडे पाहिलं, डबी माझ्या हातात दिली आणि फोन काढून रंगाऱ्याला लावला.

"गाडी उद्या येत नाही," ती म्हणाली. पलीकडून त्यानं मग कधी म्हणून विचारलं असावं. "नाही, पुढच्या सोमवारीही नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."